शाळेच्या सहलीत मुलाला काही झालं तर शिक्षकावर केस होते का? पालकांची सही घेतलेली असली तरी?

तुम्ही लिहिलंय की नववीची सहल समुद्रावर न्यायचीय आणि तुमचे मुख्याध्यापक म्हणतात, संमतीपत्र घेतलं की आपल्यावर काही येत नाही. साफ खोटं आहे हे. "शाळा जबाबदार राहणार नाही" असं छापलेल्या कागदावर बापाने सही केली म्हणून तुमचा निष्काळजीपणा माफ होत नाही. पोर सहलीला गेलंय हे घरी माहीत होतं, एवढंच त्या सहीने सिद्ध होतं. हेच मी एका माणसाला वीस वर्षं सांगत आले, म्हणून लिहायला बसले.

डिसेंबर १९९८, दत्तजयंतीचा आदला दिवस. आमची शाळा रत्नागिरी जिल्ह्यातली पण घाटाच्या अंगाला, निम्म्या पोरांनी समुद्र बघितलेलाच नव्हता. दोन एसट्या, ८३ पोरं, आम्ही पाच जण. सकाळी मालवणला होडीने सिंधुदुर्ग किल्ला केला, तिथे सगळं नीट, चढताना मोजले उतरताना मोजले. मग जेवणं झाली आणि पीटीचे सर म्हणाले आता देवबागला जाऊ, पोरांना जरा पाण्यात खेळू दे. मी म्हटलं नको. तर म्हणाले, "बाई, गुडघाभर पाण्यात काय होतंय, आणि पालकांच्या सह्या आहेत की आपल्याकडे." मी गप्प बसले. ते गप्प बसणं अजून सलतं मला.

कोकणात राहून मला तेव्हा भरतीचं गणित येत नव्हतं. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता साधारण पूर्ण भरती. त्या दिवशी चतुर्दशी, म्हणजे साडेदहाला भरती, तिथून सुकती, म्हणजे ओहोटी, लागली आणि आम्ही पोचलो अडीचला, म्हणजे पाणी जोरात ओढतं त्याच वेळी, त्यात पौर्णिमेचं उधाण आणि शेजारी कर्ली खाडीचं तोंड. खाडीचं सगळं पाणी तेव्हा समुद्राकडे धावत असतं. वरून बघाल तर शांत, लाटसुद्धा मोठी नाही.

एक रापणवाला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारा कोळी, लांबून ओरडत आला, "ओ मास्तर, पोरांक भायर काढा, पाणी ओढता हा!" शिट्टी मारली, पोरं बाहेर आली, सरांनी हजेरी न घेताच "चला गाडीत" केलं. सगळ्यांनी आपापल्या चपला घातल्या आणि वाळूत एक जोड उरला. निळ्या पट्ट्यांची स्लीपर, डाव्या पायातल्या पट्ट्याला खालून सेफ्टीपिन लावलेली. मी त्या चपलेकडे बघत उभी राहिले, किती वेळ ते सांगता येणार नाही, आणि मग ओरडले. तो पोरगा संगमाच्या बाजूला वाहत गेला होता. त्याच रापणवाल्यांनी होडी घातली आणि त्याला काढला. वाळूवर पालथा घातल्यावर पाणी ओकला आणि रडायला लागला. वाचला. आज त्याला स्वतःची दोन मुलं आहेत.

परत आल्यावर सहलीच्या अहवालात काय लिहिलं गेलं? "सहल आनंदात पार पडली." मी वेगळं पान लिहून दिलं, वेळ, जागा, कोण काय म्हणालं, सगळं. ते पान फाईलला लागलंच नाही. शाळेचं नाव खराब होईल म्हणे.

मग २००१ साली सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. पंजाबातल्या एका शाळेची सहल, १९९५ मध्ये बियास नदीत १४ मुलं बुडाली होती. कोर्टाने प्रत्येक मुलाच्या घरच्यांना पाच लाख भरपाई कायम केली आणि ती शाळेने द्यायची, कारण शिक्षक नोकरीवर असताना चुकले तर संस्थासुद्धा जबाबदार. मी पेपरातलं कात्रण नेऊन सरांच्या टेबलावर ठेवलं. म्हणाले, "ते तिकडचं, आपल्याकडे नाही होत असं." १ फेब्रुवारी २०१६ ला जंजिऱ्याच्या मुरूडला पुण्याच्या कॉलेजची १४ मुलं सहलीत बुडून गेली. सर तोवर रिटायर झालेले. मी फोन लावला. ते काही बोलले नाहीत, मीही नाही, थोड्या वेळाने ठेवला.

तर तुमचं उत्तर. मूल दगावलं तर निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा लागू शकतो, पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ३०४ अ होतं, जास्तीत जास्त दोन वर्षं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आहे, पाच वर्षांपर्यंत. भरपाईचा दावा वेगळा. त्यामुळे मुख्याध्यापकांना तोंडी "नको" म्हणू नका. लेखी द्या, आवक नंबर घ्या, झेरॉक्स घरी ठेवा. माझ्याकडे त्या पानाची झेरॉक्स असती तर मला आज हे सगळं तोंडाने सांगत बसावं लागलं नसतं. पाण्यात न्यायचंच नाही हे आधीच ठरवा, आणि गाडीत बसायच्या आधी मोजा, बसल्यावर नाही. आणि रागावलात तरी चालेल पण सांगते, "वरून आदेश होता" हे कोर्टात तुमच्या कामाला येईल या भरवशावर राहू नका, पाण्याजवळ उभे तुम्ही असणार.

हां, मी वकील नाही. गुन्हा दाखल होणं वेगळं आणि शिक्षा होणं वेगळं, प्रत्येक अपघात म्हणजे निष्काळजीपणा असंही नाही. योग्य ती काळजी घेतली होती का, हेच बघतात. तुमची शाळा सरकारी की खाजगी यानेही चौकशी कुठून सुरू होईल ते बदलतं, ते वकिलालाच विचारा.

सहल कुठल्या किनाऱ्याला आणि कुठल्या तारखेला आहे ते खाली लिहा. तिथी बघून भरती किती वाजता आहे ते मी सांगते.