एकाच वेळी दोन-दोन विषं कशाला?

काकू गोव्यातल्या चोडण बेटावरच्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) काकांच्या घशाच्या कॅन्सरवर रेडिएशन सुरू व्हायचं होतं: रोज २ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं एकक), आठवड्यातून पाच दिवस, एकूण ३५ वेळा. शिवाय दर आठवड्याला सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाची सलाइन. फाइल मांडीवर घट्ट धरून त्या म्हणाल्या, "बाय, नुसत्या लाइटीनं भागत नाही म्हणून वर केमो. म्हणजे रोग हाताबाहेर गेला ना?"

हा प्रश्न मला नेहमीच विचारला जातो. नुसतं 'घाबरू नका' म्हणून तो सुटत नाही.

काकूंचं शेत खाजनातलं, म्हणजे बांध घालून खारं पाणी अडवलेल्या जमिनीतलं. मी विचारलं, "बांधाची एकच बाजू ढासळली तर?"

"दोघं-तिघं चिखल घेऊन जातात. रात्रीत होतं."

"आणि आरपार फुटला तर?"

"मग खारं पाणी आत. शेत गेलंच."

डीएनएचंही तसंच. त्याचे धागे दोन. किरणांचे काही घाव थेट बसतात, पण बरेचसे पेशीतल्या पाण्यामार्फत. किरण पाण्याचे रेणू फोडतात आणि त्यातून निघालेले हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे दिसेल त्याच्याशी झटकन अभिक्रिया करणारे तुकडे, डीएनएवर तुटून पडतात. १ ग्रेमध्ये एका पेशीत एकेरी तुटी हजारभर होतात, पण समोरचा धागा बघून पेशी त्या सांधते. दोन्ही धागे एकाच जागी तुटणं होतं जेमतेम तीस-चाळीस ठिकाणी, आणि पेशी मरते ती मुख्यतः त्यांनी. सिस्प्लॅटिन हे प्लॅटिनमचं संयुग. ते डीएनएला चिकटून गाठी मारतं, त्यामुळे दुरुस्ती अडखळते.

"म्हणजे चिखलवाल्यांची वाटच अडवली," काकू म्हणाल्या. एवढं नेमकं मलाही सुचलं नव्हतं.

म्हणजे औषध वाढवलं ते रोग हाताबाहेर गेला म्हणून नव्हे, तेवढ्याच किरणांचा घाव पक्का बसावा म्हणून. मात्र गोड बोलून चालत नाही. निरोगी पेशींनाही झळ लागते. तोंड जास्त सोलवटतं, मळमळतं, मूत्रपिंडावर ताण येतो, कानात आवाज येऊ शकतो. म्हणून तर आधी रक्त तपासतात आणि सलाइनमधून भरपूर पाणी देतात. किरणांचा नेम गाठीवर धरलेला असतो आणि निरोगी पेशी दोन बैठकांमधल्या वेळात जास्त चांगल्या सावरतात, भिस्त आहे ती यावर.

उठता उठता काकूंनी पिशवीतून एक डबी काढली. भाच्यानं मस्कतहून पाठवलेल्या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या, 'ताकदीला'. माझा जीव खरा अडकला तो इथं. ज्या रॅडिकलांकडून आपण काम करून घेतोय, त्यांनाच विझवायला या गोळ्या निघालेल्या! त्या गाठीलाही वाचवतील अशी भीती असते. "डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एकही नको," मी बजावलं.

डबी परत पिशवीत गेली. "पेज तरी चालेल ना?"

"चालेल. कोमट, मऊ. वर तिखट लोणचं मात्र नको."

"ते त्यांना तूच सांग," म्हणत त्या रायबंदरची फेरीबोट गाठायला निघाल्या.