वाचकांचे प्रश्न: जपानमधल्या भाषावर्गातली नोकरी, तास आणि रजा

प्रश्न : ओसाकातल्या एका खासगी इंग्रजी संभाषण वर्गात शिकवायची नोकरी मिळते आहे. करारात आठवड्याला २९.५ तास लिहिले आहेत. पण मुलाखतीत सांगितलं, की मंगळवार ते शनिवार दुपारी साडेबारा ते रात्री नऊ हजर राहायचं. मग उरलेले तास कशात धरायचे?
– वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आधी हिशोब मांडू. साडेबारा ते नऊ म्हणजे साडेआठ तास. तासाभराची जेवणाची सुट्टी वजा केली तरी रोजचे साडेसात, आठवड्याचे ३७.५ होतात. करारातल्या आकड्यापेक्षा ८ तास जास्त. २९.५ हा आकडा येतो तासिका मोजून. ५० मिनिटांच्या रोज ७ तासिका, पाच दिवस, म्हणजे २९ तास १० मिनिटं, जवळपास तेवढेच. दोन तासिकांमधली दहा मिनिटं यात धरलेलीच नसतात. पण त्या दहा मिनिटांत फळा पुसणं, विद्यार्थ्याच्या प्रगतीची नोंद करणं, पुढच्याला आत बसवणं चालू असतं. ती विश्रांती नव्हे, काम आहे. मालकाच्या हुकमाखाली जाणारा वेळ हा कामाचाच वेळ, असं जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केलं आहे. विद्यार्थी आला नाही म्हणून जागेवर थांबून राहायला लावलं, रेल्वे स्टेशनबाहेर पत्रकं वाटायला पाठवलं, तरी तो वेळ मोजायचा. मधली सुट्टी खरोखर मोकळी हवी, बाहेर जाता आलं पाहिजे. सहा तासांहून जास्त कामाला किमान ४५ मिनिटं आणि आठ तासांहून जास्त कामाला एक तास, असा नियम आहे.

२९.५ लिहिण्यामागे दुसरंही कारण असतं. पूर्णवेळ कर्मचाऱ्याच्या तीन चतुर्थांश, म्हणजे ४० पैकी ३० तास भरले, की मालकाला आरोग्य विमा आणि निवृत्तिवेतनाची अर्धी वर्गणी भरावी लागते. ऑक्टोबर २०२४पासून ५१ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांत ही मर्यादा आठवड्याला २० तासांवर आली आहे. तेव्हा कंपनीत किती माणसं आहेत, हे सही करण्याआधी विचारा. आणि जास्तीच्या ८ तासांबद्दल एक बारकावा लक्षात ठेवा : दिवसाला ८ किंवा आठवड्याला ४० तासांपलीकडे गेल्याशिवाय २५ टक्के वाढीव दर लागू होत नाही. साधा दर मात्र द्यावाच लागतो. रोज आल्या-गेल्याची वेळ वहीत लिहा, वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा. थकलेला पगार तीन वर्षांपर्यंत मागता येतो, पण नोंद नसेल तर मागणी टिकवणं फार अवघड जातं.

प्रश्न : मुलगी एप्रिलपासून नागोयात अशाच वर्गात शिकवते. गणपतीला घरी यायचं म्हणते, पण शाळा म्हणते अजून रजा नाही, शिवाय तुझे तास कमी म्हणून रजाही कमीच मिळतील. हे बरोबर आहे का?
– वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : पहिलं बरोबर, दुसरं चूक. पगारी रजा सहा महिने पूर्ण झाल्यावर आणि ८० टक्के हजेरी असेल तर मिळते. एप्रिलमध्ये रुजू झालेल्याला ती ऑक्टोबरात, म्हणजे गणपती होऊन गेल्यावर. दिवाळीला मात्र जमेल. यंदा गणपतीला यायचंच असेल, तर बिनपगारी रजा मागावी लागेल आणि ती देणं शाळेच्या मर्जीवर आहे. चार-पाच दिवसांच्या गैरहजेरीने ८० टक्क्यांना धक्का लागत नाही. आठवड्याला पाच दिवस धरले तर सहा महिन्यांत साधारण १३० दिवस भरतात, त्यात २६ गैरहजेऱ्यांपर्यंत हक्क शाबूत राहतो.

प्रमाणात कमी रजा कोणाला? आठवड्याला चार किंवा कमी दिवस आणि ३० तासांहून कमी काम असेल त्यांना. मुलगी पाच दिवस जाते, तेव्हा २९.५ तास असले तरी पहिल्या खेपेला पूर्ण १० दिवस, दीड वर्षाने ११, अडीच वर्षाने १२, साडेतीन वर्षाने १४, असे वाढत साडेसहा वर्षांनी २० दिवस.

या दहातले काही दिवस शाळा ओबोन या पूर्वजांच्या सणाच्या बंदमध्ये, म्हणजे ऑगस्टच्या मध्याला, धरू शकते. त्यासाठी कर्मचारी-प्रतिनिधीशी लेखी करार लागतो आणि किमान ५ दिवस तिच्या मर्जीचे राहिले पाहिजेत. त्यांची तारीख ती ठरवते, कारण सांगायची गरज नाही. कामात खरोखर अडचण येत असेल तरच शाळा दुसरी तारीख सुचवू शकते. म्हणून दोन महिने आधी ईमेलनेच कळवावं, तोंडी नको. जपानच्या कॅलेंडरवर वर्षाला १६ राष्ट्रीय सुट्ट्या आहेत, पण खासगी शाळेने त्या द्यायलाच हव्यात असं नाही. विद्यार्थ्यांना सुट्टी असते म्हणून त्या दिवशी वर्ग भरगच्चही असतात. कायद्याने सक्तीची आहे ती आठवड्याला एक सुट्टी किंवा चार आठवड्यांत चार.

प्रश्न : करारात लिहिलंय, वर्ष पूर्ण न करता सोडल्यास दोन लाख येन दंड. सही करावी का?
– वाचक, खारघर

उत्तर : असा दंड आधीच ठरवून ठेवायला जपानच्या श्रम मानक कायद्याच्या कलम १६ची मनाई आहे. ते वाक्य काढून टाकायला सांगा. नकार दिला, तर ती शाळा इतर नियमही असेच पाळणार हे धरून चाला. करार ‘ग्योमु इताकु’, म्हणजे स्वतंत्र कंत्राटदाराचा आहे का, हेही पाहा. तसा असेल तर पगारी रजा आणि जादा तासांचे पैसे मिळणार नाहीत, असंच शाळा सांगेल. प्रत्यक्षात वेळ, जागा, पुस्तक सगळं शाळाच ठरवत असेल, तर कागदावर काहीही लिहिलेलं असो, तुम्ही कामगार ठरू शकता. ते तपासून घ्यायचं ठिकाण म्हणजे स्थानिक श्रम मानक निरीक्षण कार्यालय. नोकरी सोडली किंवा बदलली, तर १४ दिवसांत इमिग्रेशनला कळवा.