लंडन ऑफिसला ट्रान्सफर होताना रिलोकेशन पॅकेजमध्ये काय मागावं?

तुम्ही विचारलंय की कन्सल्टिंग कंपनीच्या पुणे ऑफिसमधून लंडनला ट्रान्सफर मिळतेय, बायको-मुलं सोबत आहेत आणि एचआर एकरकमी भत्ता देऊन मोकळं व्हायला बघतंय, तर तो घ्यावा का.

नका घेऊ. आकडा कितीही मोठा दिसला तरी.

2024 मध्ये मी अशीच लंडनला गेले. ऑफरमध्ये माझा व्हिसा, चौघांची तिकिटं, दोन आठवडे हॉटेल आणि एकरकमी भत्ता होता. इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा वापरण्यासाठी व्हिसासोबत भरायची रक्कम, मात्र फक्त माझाच. फेब्रुवारी 2024 पासून हा सरचार्ज मोठ्यांना वर्षाला 1035 पाउंड आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना 776 आहे, आणि व्हिसा जितक्या वर्षांचा तितक्या वर्षांचा अर्ज करतानाच भरावा लागतो. तीन वर्षांचे नवऱ्याचे 3105, दोन मुलींचे 4656. एकूण 7761 पाउंड, म्हणजे आठ लाख रुपयांच्या आसपास, आणि तेही विमानात बसायच्या आधी, आमच्या कार्डावरून. भत्ता तिथेच संपत होता.

मॅनेजर म्हणाला, "लंडनसाठी रांग लागलीय, आणि तू सरचार्जवर अडून बसलीस?" घरी मोठ्या दिरांनी त्याचीच री ओढली. कंपनीशी घासाघीस करणं बरं दिसत नाही, मिळतंय ते पदरात पाडून घे. मला हे मुळीच पटलं नाही, आजही पटत नाही. मी हौसेने निघाले नव्हते. क्लायंटला माझ्या कामाची गरज होती आणि कंपनी माझ्या दिवसाचे पैसे त्याच्याकडून पाउंडात घेणार होती. मग माझ्या मुलींचा सरचार्ज हा त्या कामाचाच खर्च झाला. तो कंपनीने थेट भरावा, नाहीतर मी येत नाही, असं मी मेलवर लिहून दिलं. आठवडाभर कोणी काही बोललं नाही. मग मंजुरी आली, त्याच मॅनेजरकडून. दीर म्हणतात, नशीब चांगलं होतं. नशिबाचा काही संबंध नाही, मी मागितलं म्हणून मिळालं.

टॅक्सचंही बघा. ब्रिटनमध्ये कंपनीने दिलेला स्थलांतराचा खर्च 8000 पाउंडांपर्यंतच करमुक्त असतो आणि तोही नियमात बसणाऱ्या बाबींवरच: सामान हलवणं, प्रवास, तात्पुरतं राहणं वगैरे. मुलांची शाळेची फी त्यात येत नाही. उरलेल्यावर पगारासारखा टॅक्स लागतो. तो कोण सोसणार हे आधी ठरवा.

दोन आठवड्यांचं हॉटेल कुटुंबाला अजिबात पुरत नाही. लंडनच्या हॅरो भागात भाड्याचं घर बघताना एजंट आमच्याकडे ब्रिटनमधल्या पगाराच्या स्लिपा आणि गॅरंटर, म्हणजे भाड्याची हमी घेणारा माणूस, मागत होता. नुकत्याच उतरलेल्या माणसाकडे त्या कुठून असणार? शेवटी कंपनीच्या लेटरहेडवर पगार आणि कराराची मुदत लिहून आणली, तेव्हा गाडी पुढे सरकली. (डिपॉझिट मात्र कायद्याने साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, 2019 पासून.) आणि पत्ता नाही तोवर कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाकडे, शाळेचा अर्ज अडतो. माझ्या मुली हॉटेलमधल्या इस्त्रीच्या टेबलावर वह्या ठेवून गणितं सोडवत होत्या. म्हणून किमान सहा आठवड्यांचं सर्व्हिस्ड अपार्टमेंट, म्हणजे स्वयंपाकघरासकट सगळं सामान असलेला तात्पुरता फ्लॅट, मागा. भत्ता कमी झाला तरी चालेल.

व्हिसा कुठला मिळतोय तेही विचारा. ट्रान्सफरसाठी सहसा ग्लोबल बिझनेस मोबिलिटीचा देतात. त्यावर बायकोला नोकरी करता येते, पण ती वर्षं पुढे कायमच्या वास्तव्यासाठी धरत नाहीत. तिथेच राहायचा विचार असेल तर स्किल्ड वर्करसाठी आग्रह धरा.

क्लॉबॅक, म्हणजे मध्येच नोकरी सोडली तर पैसे परत, हे कलम असणारच. रक्कम दर महिन्याला कमी होत जायला हवी, आणि प्रोजेक्ट संपवून कंपनीनेच परत बोलावलं तर एक पैसाही वसूल होणार नाही, उलट परतीची तिकिटं आणि सामान त्यांच्याकडे, असं स्पष्ट लिहून घ्या.

एकटं जाणाऱ्याला, दोन बॅगा घेऊन मित्राकडे उतरता येत असेल तर, एकरकमी परवडूही शकते. तुमचं तसं नाही. आणि हे सगळं लेखी हातात येईपर्यंत पुण्यातल्या फ्लॅटचा लीव्ह अँड लायसन्स करू नका. भाडेकरू राहायला आला की तुम्हाला नाही म्हणता येत नाही, आणि एचआरला ते बरोबर कळतं.