चाच्यांचा गाव

'समुद्री चाचे'मधले चाचे म्हणजे काय? हिंदी चाचा, म्हणजे काका, त्याच्याशी याचा काही संबंध? असा प्रश्न आला आहे.

काकाचा इथे काहीही संबंध नाही. चाचा म्हणजे समुद्रावरचा लुटारू. त्यामुळे 'समुद्री चाचे'मधला 'समुद्री' खरे तर फुकटचा आहे. जमिनीवर चाचे नसतातच. पण नुसते 'चाचे' म्हटले की हल्ली ऐकणारा गोंधळतो, म्हणून तो जोडावा लागतो. एकवचनाची तर पंचाईतच. 'नौदलाने एक चाचा पकडला' असे लिहायला हात धजत नाही. बहुतेक म्हणूनच हा शब्द आपल्याला नेहमी टोळीनेच भेटतो.

शब्दाचे मूळ जुन्या लेखनात दिसते. पूर्वी हा 'चांचा, चांचे' असा लिहीत. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले, त्यात या शब्दाच्या डोक्यावरचा ठिपकाही गेला आणि त्याबरोबर गावाचा पत्ताही पुसला गेला. कारण गुजरातीत याच लुटारूला 'चांचियो' म्हणतात, अनेकवचनी 'चांचिया', आणि तिथे तो ठिपका अजून शाबूत आहे. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, अमरेली जिल्ह्यात पिपावाव बंदराजवळ चांच नावाचे बेट आणि गाव आहे. तिथले लोक एके काळी जहाजे लुटण्यासाठी कुप्रसिद्ध होते. चांचचा तो चांचियो. गुजराती ओकारान्त पुल्लिंगी शब्द मराठीत आकारान्त होतो (त्यांचा घोडो, आपला घोडा), तसा चांचियोचा चांचा झाला. गावावरून नाव पडणे आपल्याला नवे नाही. सुरतेवरून सुरती तंबाखू, मिसर देशावरून मिसरी म्हणजे खडीसाखर. इथे गावाचे नाव धंद्यालाच चिकटले एवढेच. गुजरातीत 'चांच' म्हणजे चोच. त्यावरूनही व्युत्पत्ती लावता येईल, पण मला गावाचीच सरळ वाटते.

त्या किनाऱ्याची ही ख्याती फार जुनी. ११व्या शतकात अल्-बिरूनी या विद्वानाने कच्छ आणि सोमनाथकडच्या समुद्री लुटारूंना 'बवारिज' म्हटले आहे आणि ते नाव त्यांच्या नौकांवरून पडल्याचे सांगितले आहे. म्हणजे एकदा नाव बोटीवरून पडले, एकदा गावावरून.

ओघाने एक. इंग्रजांच्या कागदांत कान्होजी आंग्रे 'पायरट' आहेत. त्याचे भाषांतर करताना सरसकट 'चाचा' लिहू नये. कान्होजी मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख होते. त्यांचे दस्तक न घेता जाणारी जहाजे ते अडवत, आणि परवान्याची हीच सक्ती त्यांच्याही आधी पोर्तुगीज या समुद्रात करत आले होते. त्या पोर्तुगिजांना कुणी चाचे म्हणत नाही! शब्द कुणी कुणाला लावला हेही पाहावे लागते.

हा शब्द अडगळीत जाता जाता वाचला तो सोमालियामुळे. २००८च्या सुमारास एडनच्या आखातातली अपहरणे वाढली आणि मराठी वर्तमानपत्रांना पुन्हा चाचे हवे झाले. मार्च २०२४मध्ये 'आयएनएस कोलकाता'ने ३५ सोमाली चाचे मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले, तेव्हाही मथळ्यांत हाच शब्द होता.