जाऊन बस

बाळा, सलाम.

तुझा मेसेज परवा रात्री एकला आला, मी सकाळी चहा गॅसवर ठेवून वाचत बसले आणि चहा उतू गेला. लिहिलंयस की मावशी, बेळगावला त्या मोठ्या हॉलमधे बँड असतो, तिथं डोळ्यात पाणी येतं पण मंगळवारपर्यंत सगळं ओसरतं, आणि आपल्या चर्चमधे तर काहीच वाटत नाही, मग देव शोधू कुठं.

बँडला मी नावं ठेवत नाही. बायबलमधला आसाफ, दावीद राजाचा गायक, स्वतः झांजा वाजवायचा. पण त्याच्याच नावाचं ७३ वं स्तोत्र काढ की, २८ वचनं आहेत. सोळाव्यापर्यंत बहुतेक तक्रारच आहे, दुष्टांचं सगळं मजेत चाललंय, मी हात स्वच्छ ठेवले ते फुकट गेले. तू तुझ्या चुलतभावाच्या नोकरीबद्दल लिहिलंयस तेच हे. आणि सतराव्यात काय झालं? तो देवाच्या पवित्रस्थानात गेला. तिथं काय गायलं, कोण बोललं, काही लिहिलेलं नाही. गेला, आणि समजलं. म्हणून म्हणते, जाऊन बस. वाटो न वाटो, जाऊन बस.

मी हे कुठल्या तोंडाने सांगते ते पण ऐक. सहा वर्षं मी चर्चला गेले नाही. १८२० ला लंडन मिशनवाले बेळगावात आले, दोनशे वर्षं झाली, आणि आम्ही भांडलो कशावरून तर साडेआठची उपासना मराठी की कन्नड. मराठीला सातची वेळ दिली, पावसाळ्यात खेड्यातनं म्हाताऱ्या माणसांनी सातला यायचं कसं? ते चूकच होतं, आजही चूकच म्हणते, माझा मुद्दा बरोबर होता. पण मी बरोबर होते म्हणून घरात बसले, आणि माझे बाबा सातला एकटे जात राहिले. बाकावर शेजारी छत्री आडवी ठेवायचे, माझी जागा म्हणून. कोणी सरका म्हटलं तर म्हणायचे, लेक येऊलीय. मी गेले ते त्यांच्या मातीनंतर. त्यांच्या उपासनेच्या पुस्तकात पापकबुलीचं पान तेवढं अंगठ्याने काळं पडलंय, बाकीची पानं कोरी वाटावीत इतकं. ते पान बघून मी जे रडले ते कुठल्याच बँडला रडले नाही.

परत जायला लागल्यावर वर्षभर मला काही म्हणजे काही वाटलं नाही. तरी जाऊन बसले. एकदा सातची चुकली म्हणून कन्नड उपासनेला थांबले, प्रभुभोजनाची भाकर घ्यायला गुडघे टेकले तर शेजारी तेच गृहस्थ ज्यांनी वेळ बदलली होती. त्यांना उठता येईना, गुडघे गेलेत त्यांचे, मी हात दिला आणि बाकावर परत येऊन बसल्यावर ध्यानात आलं की हात मी दिला! ठरवलं नव्हतं रे. घरातनं निघताना कोणी सांगितलं असतं तर नाहीच दिला असता.

बायबलमधे रोमकरांस पत्रात १२:२ मधे रूपांतर होऊ द्या असं आहे, करा असं नाही. होऊ द्यायचं तर तिथं असावं लागतं ना? तू दर तीन महिन्याला चर्च बदलतोस, कुठंच कोणाशी भांडण नाही, कुठंच कोणाला हात द्यायची वेळ नाही, मग होणार काय. राग आला तर येऊ दे, मला पण आलाय. तुझ्यासारखं पोरगं रात्री एकला देवाचा विचार करत जागं असतं याचं मला किती बरं वाटलं ते इथं लिहिता येत नाही, पण जागं राहणं वेगळं आणि जाऊन बसणं वेगळं.

या रविवारी सातला ये. पाऊस आहे, पावणेसातला फाट्यावर थांब, रिक्षा मी सांगते. उशीर करू नकोस, पहिलं गीत झालं की लगेच पापकबुली असते. बाकावर छत्री ठेवलेली असेल, ती उचल आणि बस.