दिवाळखोरीवाला वकील सांगा ना मॅडम एखादा

कर्ज डोक्यावरून गेलंय, दिवाळखोरी जाहीर करायची म्हणतो, वकील कोणता करू आणि घर तर नाही जाणार ना, हा प्रश्न आजकाल माझ्याकडे नवरा-बायकोच्या भांडणाइतकाच नेहमीचा झालाय. खरं तर बरेचदा भांडणाच्या आतूनच तो निघतो. मी वकील नाही, समुपदेशक आहे. पण माणूस रात्रभर जागून छताकडे बघत असेल आणि त्याचं कारण पाच नोटिसा असतील तर नुसतं दीर्घ श्वास घ्या सांगून भागत नाही ना. म्हणून एक केस सांगते, नावं बदललीत, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

प्रमोदभाऊंचं नागपुरात मानेवाडा साइडला बिछायत केंद्र. लग्नसराईत चांगलं चालायचं. मग लॉनवाले स्वतःच सगळं द्यायला लागले तसं यांनी पण टिकायचं म्हणून नवा मंडप, मोठा जनरेटर, एलईडी वॉल असं सगळं कर्ज काढून घेतलं. घरावर हाउसिंग फायनान्स कंपनीचं कर्ज होतंच, त्यावर टॉप-अप, मग दोन पर्सनल लोन, क्रेडिट कार्ड, पतसंस्था, मोबाइलवरचे दोन-तीन अ‍ॅप आणि शेवटी इतवारीतला एक सावकार ज्याच्याकडे सह्या केलेले कोरे चेक ठेवलेले. सगळं मिळून चाळीस लाखांच्या आसपास. वर्षाताई, म्हणजे त्यांची बायको, त्यांना जवळपास ओढतच घेऊन आल्या. "हे म्हणते दिवाळं काढून टाकतो आन् मोकळा होतो, मॅडम तुम्ही दिवाळखोरीवाला वकील सांगा ना एखादा."

मी आधी वकिलाचं बोललेच नाही. प्रमोदभाऊंना सरळ विचारलं, जीव द्यावासा वाटतो का. ते बराच वेळ गप्प आणि मग म्हणाले, "विचार येऊन जाते कधी कधी." हे विचारायला लोक घाबरतात पण विचारावंच लागतं. ताईंनी घरातल्या काही गोष्टी त्यांच्या हाताशी राहणार नाहीत असं बघितलं, मानसोपचार डॉक्टरकडे पाठवलं, 14416 हा टेली-मानसचा नंबर दोघांच्याही मोबाइलमध्ये सेव्ह करून दिला, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. वकिलाचं त्यानंतर. वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी अशी वेळ असेल तर हाच क्रम ठेवा.

पुढच्या वेळी ताई साडीच्या दुकानाची एक मोठी पिशवी घेऊन आल्या, त्यात सगळी पाकिटं. निम्मी न फोडलेली. प्रमोदभाऊ पोस्टमनचा आवाज आला की मागच्या खोलीत जायचे आणि ताई पाकीट घेऊन पिशवीत टाकायच्या, नशीब की फेकत नव्हत्या. आम्ही तिथंच टेबलावर ती फोडायला बसलो. एकेक कर्ज, कोणाचं, कशावर, जामीन कोण, शेवटचा हप्ता कधी गेला, चेक दिलेत का, एवढंच वहीत लिहायचं. लिहिता लिहिता तेराव्या कलमाची नोटीस सापडली, म्हणजे सरफेसी कायदा 2002 चं कलम 13 (2), घर तारण असलं की ती येते, तारखेपासून साठ दिवस मिळतात पैसे भरायला. त्यातले चाळीसच्या वर केव्हाच गेले होते. प्रमोदभाऊंचा चेहरा पांढरा पडला पण ताई म्हणाल्या, "बरं झालं फोडलं, अजून दिवस आहेत ना थोडे."

आता वकील. तोपर्यंत यांनी आपल्या परीने शोध सुरू केलेला होताच.

पहिले एक वकीलसाहेब नातेवाइकांनी सुचवलेले. कागद हातात न घेताच म्हणाले, उद्याच डीआरटीतून (म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणातून) स्टे आणतो, दीड लाख आधी द्या, आणि हे कोऱ्या वकालतनाम्यावर सह्या करा, आणि हो, घर भावाच्या नावावर बक्षीसपत्र करून टाका. ऐकायला किती छान वाटतं! पण 13 (2) च्या नोटिशीवर डीआरटीत जाताच येत नाही, कंपनीने 13 (4) खाली ताब्याचं पाऊल उचललं की मग कलम 17 खाली 45 दिवसांत जाता येतं. आणि बक्षीसपत्राचं म्हणाल तर ही नोटीस मिळाल्यावर तारण घर कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय विकता, देता येत नाही, 13 (13) मध्येच लिहिलंय. दिवाळखोरीच्या कायद्यातही अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत असं फुकट नावावर केलेलं कोर्ट रद्द ठरवू शकतं. म्हणजे साहेब ज्या खड्ड्यातून काढणार होते त्याच्या शेजारी दुसरा खणून देत होते. हे मला तेव्हा माहीत होतं असं नाही, पुढच्या वकिलांनी समजावलं. माझ्या मनात पाल चुकचुकली ती वेगळ्याच गोष्टीवरून, कागद न बघता उत्तर देणाऱ्या डॉक्टरकडे आपण जातो का?

दुसरी ती सेटलमेंटवाली एजन्सी. फोनवर गोड बोलणारी मुलगी, तुमचे सगळे हप्ते बंद करा, आम्हाला महिन्याला फी द्या, आम्ही निम्म्यात सेटल करून देतो, गॅरंटी. गॅरंटी कशाची हो? बँकेने किती सोडायचं ते बँक ठरवते. आणि मधल्या काळात हप्ते बंद म्हटल्यावर दंड-व्याज वाढतच जातं, चेक बाउन्स होतात, ते कोण निस्तरणार तर तुम्हीच. वर सेटल झालं तरी सिबिलमध्ये 'सेटल्ड' असा शेरा येतो, पूर्ण फेडलं असा नाही, हे त्या मुलीने सांगितलंच नाही. अशा कंपन्यांमागे कधी वकील असतो कधी नसतो. वकील असेल तर वाचलेल्या रकमेत इतके टक्के माझे असं त्याला ठरवताच येत नाही, बार कौन्सिलचे नियम आहेत तसे, निकालावर अवलंबून फी नको म्हणून. वकिलाला जाहिरात करायलाही मनाई आहे, म्हणून होर्डिंगवर आणि रील्समध्ये "कर्जमुक्ती" ओरडणारा दिसला की माझं पहिलं काम म्हणजे त्याचा सनद नंबर विचारा म्हणून सांगणं. महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलचा नंबर असतो, खरा वकील विचारल्यावर रागावत नाही.

तिसऱ्या एक वकीलबाई, डीआरटीत नेहमी काम करणाऱ्या. सिव्हिल लाइन्समधल्या त्यांच्या लहानशा ऑफिसात मी पण गेले होते कारण प्रमोदभाऊ एकटे गेले की अर्धं विसरून येतात. बाईंनी वही बघितली, नोटिसा बघितल्या आणि म्हणाल्या, "पाकिटं कुठायत?" आम्ही बघतच राहिलो. "नोटीस कोणत्या तारखेला लिहिली ते नोटिशीवर आहे, तुमच्या हातात कधी पडली ते पाकिटावरच्या शिक्क्यावरून कळते." चेक बाउन्सच्या केसमध्ये नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत तरच गुन्हा होतो, कलम 138, मग त्यांना महिनाभरात तक्रार टाकावी लागते, म्हणून तारखेवर सगळं. ताईंनी ती पिशवी पुढे केली. निम्मी पाकिटं शिक्क्यासकट होती. मला तिथंच वाटलं की हीच बाई बरोबर, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या बोलण्यात दिलासा वगैरे काही नव्हता.

मग त्यांनी दिवाळखोरीचं सांगितलं. 2016 चा दिवाळखोरी कायदा जो पेपरात येतो तो तुम्हाला नाही, त्यातला व्यक्तींचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांना लागू झालाय. तुमच्यासारख्याला आजही 1920 चा प्रांतिक नादारी (म्हणजे दिवाळखोरीच) कायदा, जिल्हा कोर्टात अर्ज, मग मालमत्ता कोर्टाच्या रिसीव्हरच्या ताब्यात, मग वाटप, मग कधीतरी मुक्ती. त्यात तारणवाल्याचा हक्क तसाच राहतो म्हणजे घराच्या कर्जाला याचा उपयोग शून्य. चेकची केस फौजदारी, ती पण थांबत नाही. आणि तुम्ही सुटलात तरी जामीनदार सुटत नाही. "शिवाय नादार ठरल्यावर नगरसेवक होता येत नाही बरं," असं त्या म्हणाल्या तर वर्षाताई पहिल्यांदा हसल्या, "यांना कुठं व्हायचंय नगरसेवक, हे तर गणपती मंडळाचेही अध्यक्ष नाही झाले."

प्रमोदभाऊंच्या डोक्यात टीव्हीवरचं इंग्रजी मालिकांतलं होतं, की एक अर्ज टाकला आणि सगळं पुसलं गेलं. ते अमेरिकेत चॅप्टर सेव्हन वगैरे असतं, इकडे तसं नाही.

बाईंनी वहीतल्या यादीचे चार भाग केले. घराचं कर्ज सगळ्यात आधी, 13 (3ए) खाली कंपनीला लेखी म्हणणं द्यायचं, त्यावर पंधरा दिवसांत उत्तर देणं त्यांना भाग आहे, आणि तेवढ्यात थकबाकी भरायची सोय बघायची. पतसंस्थेचं वेगळं, तिथे सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला येतो, त्याची भाषाच निराळी. पर्सनल लोन, कार्ड, अ‍ॅप यांच्यामागे तारण नाही, ते थांबू शकतात, वसुलीवाले सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करत असतील, नातेवाइकांना शिव्या देत असतील तर स्क्रीनशॉट ठेवा, आधी कंपनीला तक्रार, तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, तिथे वकील पण लागत नाही अन् पैसे पण नाही. आणि सावकार. त्याच्याकडे लायसन्स आहे का ते जिल्हा उपनिबंधकाच्या ऑफिसात विचारा, 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याप्रमाणे विनापरवाना धंदा हा गुन्हाच आहे. चेकच्या केससाठी त्यांनी दुसऱ्या वकिलाचं नाव दिलं, "हे माझं काम नाही" म्हणून. मला हे फार आवडलं. सगळंच मी करतो म्हणणाऱ्याची मला भीती वाटते.

फी त्यांनी टप्प्याटप्प्याने सांगितली, म्हणणं देण्याचे इतके, पुढे डीआरटीत जावं लागलं तर इतके, कोर्ट फी वेगळी, आणि कागदावर लिहून दिली. मग स्वतःच म्हणाल्या की घराच्या कर्जात ताई सहकर्जदार आहेत, बाईमाणसाला कितीही उत्पन्न असलं तरी मोफत वकील मिळतो, न्यायमंदिरात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे तिथे अर्ज करा, 15100 वर फोन करूनही कळतं. आपलं गिऱ्हाईक हातचं जाईल हे माहीत असून सांगितलं.

जेलची भीती मात्र प्रमोदभाऊंना शेवटपर्यंत होती. कर्ज फेडता येत नाही एवढ्यावरून दिवाणी जेलमध्ये टाकता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने 1980 मध्येच सांगितलंय, असून देत नसाल तर गोष्ट वेगळी. हे वाक्य त्यांनी बाईंकडून दोनदा म्हणवून घेतलं आणि त्या रात्री म्हणे झोपले.

सगळं गोड झालं असं नाही. जनरेटर अन् एलईडी वॉल कवडीमोल गेली, ज्या भावाच्या नावावर घर करायचं चाललं होतं त्यानेच उमरेड रोडचा सामायिक प्लॉट विकायला सही दिली, घराची थकबाकी त्यातून भरली आणि खातं परत चालू झालं. पतसंस्थेशी हप्ते ठरले. अ‍ॅपवाले अजून फोन करतात. सावकाराची चौकशी सुरू आहे, चेकच्या केसची तारीख पडतेय. नादारीचा अर्ज काही टाकलाच नाही. ताईंनी एका कॅटररकडे हिशेबाचं काम धरलंय आणि पोस्टमन आला की आता दार त्याच उघडतात.

मागच्या आठवड्यात एका पर्सनल लोनला जामीन राहिलेल्या ताईंच्या भावाचा, म्हणजे प्रमोदभाऊंच्या साळ्याचा, मला फोन आला. त्यालाही नोटीस आलीय, घाबरून राहिला होता बिचारा, म्हणे "जावईबापूंच्याच वकीलबाई माझं बघतील ना मॅडम?" मी म्हटलं नाही रे बाबा, उद्या बँकेने आधी तुझ्याकडून वसूल केलं तर ते पैसे तुला जावईबापूंकडूनच मागावे लागतील, तुझं हित वेगळं त्यांचं वेगळं, तू आपला वेगळा वकील कर, आणि जाताना पाकीट घेऊन जा.