रिॲक्ट नेटिव्हच्या वेबव्ह्यूमधून ॲपपर्यंत निरोप का पोचत नाही?

तुमचा प्रश्न: रिॲक्ट नेटिव्ह (जावास्क्रिप्टमध्ये मोबाइल ॲप लिहायचं साधन) वापरून केलेल्या ॲपच्या वेबव्ह्यूत, म्हणजे ॲपच्या आत वेबपान दाखवणाऱ्या चौकटीत, उघडलेल्या पानावर 'ऑर्डर करा' दाबलं, तरी ॲपला काहीच कळत नाही. सोलापुरात चाटी गल्लीतल्या एका चादरीच्या दुकानाचं ॲप करताना मीही इथेच दोन दिवस अडकलो होतो.

आधी वेबव्ह्यूवर 'ऑनमेसेज' (पानाचा निरोप आल्यावर ॲपमध्ये चालणारं फंक्शन) दिलंय का बघा. ते नसेल तर पानात 'विंडो.रिॲक्टनेटिव्हवेबव्ह्यू' हा ॲपशी बोलायचा दुवा तयारच होत नाही, मग 'पोस्टमेसेज' करून निरोप कुणाला पाठवणार? दुसरं, 'पोस्टमेसेज'ला फक्त स्ट्रिंग, म्हणजे साधा मजकूर, चालते. चादरीचा रंग, नग, भाव असा ऑब्जेक्ट असेल तर 'जेसन.स्ट्रिंगिफाय'ने त्याची स्ट्रिंग करून पाठवा. ॲपमध्ये तो 'इव्हेंट.नेटिव्हइव्हेंट.डेटा'मध्ये मिळतो, तिथे 'जेसन.पार्स'ने त्याचा परत ऑब्जेक्ट करा. माझी चूक हीच होती.

ॲपकडून पानाला उलट उत्तर 'इंजेक्टजावास्क्रिप्ट'ने, म्हणजे पानात कोड चालवून, पाठवा. पण हे सगळं लगेच हातात पडत नाही, निरोप मागेपुढे येतात. म्हणून प्रत्येक निरोपाला एक क्रमांक द्या आणि उत्तरात तोच परत पाठवा.

आणि कळकळीने सांगतो, निरोप कुठल्या पत्त्यावरून आला ते तपासल्याशिवाय पैशाचं काम करू नका. वेबव्ह्यूत परकं पान उघडलं, तर तेही याच वाटेने ॲपशी बोलू शकतं.